अडीच किलोचं बाळ आणि चाळिशीतलं कोलेस्टेरॉल

द्राक्षमळा
नाशिकच्या व्हॉट्सअॅप गटांमधून एक मजकूर फिरतोय: "बाळ अडीच किलोच्या खाली जन्मलं तर चाळिशीत कोलेस्टेरॉल वाढणारच. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत पावडरचं दूध घट्ट करून द्या, तूप चाटवा आणि वजन भरून काढा." पहिलं वाक्य अर्धवट आहे. दुसरं वाचून राहवलं नाही, म्हणून हा धागा.

आधी आकडा. जगभरच्या अभ्यासांची बेरीज २००३-०४ मध्ये झाली, तेव्हा जन्मवजन १ किलोने जास्त असेल तर मोठेपणीचं एकूण कोलेस्टेरॉल (दर डेसिलिटर रक्तात) सरासरी २ मिलिग्रॅमच्या आसपास कमी निघालं. एकाच माणसाचं रक्त दोन वेगळ्या आठवड्यांत तपासलं तरी १०-१२ मिलिग्रॅमचा फरक सहज पडतो. मग त्या दोनाच्या भीतीने तान्ह्याला कोंबायचं?

आता पावडर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांना ३० मिली पाण्याला १ सपाट चमचा हे माप असतं. शीग लावून घातलं की क्षार वाढतात, बाळाला तहान लागते, ते रडतं, घरच्यांना वाटतं भूक लागली, आणि पुन्हा तीच बाटली तोंडात. बाळ सुकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. तूप तर सहा महिन्यांच्या आत नकोच. कमी वजनाच्या बाळाला आईचं दूध, दिवस-रात्र मिळून दर २-३ तासांनी, आणि कांगारू पद्धतीने छातीशी उघडं धरणं, दिवसाचे ८ तास तरी, जमेल तितकं जास्त. बस.

पेठरोड
पावडरीबद्दल शंभर टक्के पटलं. पण "दोन मिलिग्रॅम" म्हणून हात झटकलेत ते चुकलं. सरासरीत सगळं सपाट होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने गावोगावची बाळं मोजली. तिथलं पूर्ण दिवसांचं बाळ सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५. आपली बाळं हाडा-मांसाने बारीक, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र तेवढी कमी नाही. त्याच पुण्यात ८ वर्षांच्या मुलांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सर्वांत जास्त कोणाचं? जी जन्मतः हलकी होती आणि आठव्या वर्षी अंगाने चरबीदार झाली त्यांचं. सुरगाणा-पेठच्या आदिवासी तालुक्यांतली पोरं कामासाठी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येतात आणि नागलीची भाकरी सोडून वडापाववर राहतात. त्यांना सरासरी कशाला सांगताय?

द्राक्षमळा
तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. हलकं जन्मणं अधिक नंतर झपाट्याने चरबी चढणं, ही जोडी वाईट. तो मजकूर नेमकी हीच जोडी जुळवायला सांगतोय!

पेठरोड
जोडीतला पहिला भाग तरीही खरा, हे आधी कबूल करा. आणि वजनातच अडकू नका. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. ज्यांच्या आया सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी राहिल्या त्यांचं जन्मवजन कमी नव्हतं, तरी पन्नाशीत एलडीएल आणि एचडीएलचं (चांगल्या कोलेस्टेरॉलचं) प्रमाण बिघडलेलं निघालं. म्हणून आईचं ताट महत्त्वाचं. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेचं रोजचं गरम जेवण वेळेवर पोचलं नाही, तर ते नुकसान काट्यावर दिसेलच असं नाही.

काटा_शून्यावर
अडीच किलो, २.७ किलो असं बोलताय, पण कार्डावरचा आकडा कितपत खरा? नोंदी काढून बघा, २.५ वर गर्दी असते. २.४५ चं बाळ "अडीच" लिहिलं की कमी वजनाच्या यादीतून सुटतं, पाठपुराव्यातूनही सुटतं.

चुका ठरलेल्या आहेत. झोळीचं वजन वजा केलं जात नाही, ओल्या दुपट्यासकट बाळ ठेवतात. स्प्रिंग सैल झालेली असते, आणि काटा १०० ग्रॅमच्या घरांचा असतो. घरी बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवशीचं वजन जन्मवजन म्हणून चढतं. तोवर बाळ ५-७ टक्के उतरलेलं असतं, म्हणजे २.६ चं २.४५ होतं.

पेठरोड
झालं, शेवटी खापर आशाताईंवर! पावसात ओढा ओलांडून घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाणारी बाई तीच. तिच्या हातात लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा काटा कोणी दिला? शहरात बसून चुका मोजणं सोपं असतं.

काटा_शून्यावर
मी काट्याबद्दल लिहिलं, बाईबद्दल एक शब्दही नाही. पुन्हा वाचा. उलट तिला पाच मिनिटांत करता येईल असं सांगतो. रिकामी झोळी अडकवून काटा शून्य करा, मग किराणा दुकानातलं १ किलोचं प्रमाणित वजन झोळीत टाका. ५० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर काटा बदलून मागा, आणि तसं लेखी मागा. बाळ ठेवण्याआधी रिकाम्या झोळीसह पुन्हा शून्य करा. बाळ पूर्ण उघडं, खोली उबदार, हात न लावता आकडा स्थिर होऊ द्या. दोनदा घ्या, सरासरी लिहा. डिजिटल असेल तर १० ग्रॅमपर्यंत जसाच्या तसा लिहा, पुढे ढकलू नका. तारीख आणि वेळ शेजारी हवीच, म्हणजे तिसऱ्या दिवसाचं वजन वाचणाऱ्याला कळेल.

लॅब_गंगापूररोड
वजनावरून इतकी खडाजंगी, आणि तपासणीचं कोणीच बोलत नाही. आपल्याकडे नेहमीचा बिघाड म्हणजे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त, एचडीएल कमी. एलडीएल बऱ्याचदा हिशोबाने काढलेलं असतं: एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो हिशोब चालत नाही, थेट मोजलेलं मागा. आणि एलडीएल १९० च्या पुढे असेल तर जन्मवजन शोधत बसू नका, आधी घरातल्यांची रक्तं तपासा. जास्त कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक प्रकार अडीचशेत एकाला असतो, बाळ साडेतीन किलोचं असलं तरी.

पेठरोड
लॅबवाल्यांचं मान्य. काट्याचंही मान्य, वजन टाकून बघायची युक्ती उपयोगाची आहे, पुढच्या बैठकीत सांगता येईल. पण द्राक्षमळा, "बस" म्हणून तुम्ही थांबलात तिथे आईचं ताट राहिलंच.

द्राक्षमळा
राहिलं, खरं आहे. धाग्यात भर घालतो. पण पहिला भाग खरा म्हणून बाटली घट्ट करायला मी आजही होकार देणार नाही.

काटा_शून्यावर
भर घालताना वजनाची वेळ लिहायचंही घाला.