मदत हवी आहे: सीओआय सिक्वेन्समध्ये पीकवर पीक

अष्टमुडी: बाहेरून आलेले शिंपले नेमके कुठून आले ते शोधायचंय, पण त्यांच्या सीओआय जनुकाचे (मायटोकॉन्ड्रियातलं जनुक) सिक्वेन्स वाचताच येत नाहीत. जेलवर ७१० बेस-जोड्यांच्या आसपास एकच ठसठशीत बँड, पण क्रोमॅटोग्राममध्ये (सिक्वेन्सच्या आलेखात) सुरुवातीपासून पीकवर पीक. काही नमुने मात्र स्वच्छ. प्राइमर (जनुकाचा तुकडा पकडणारे छोटे डीएनए) फोल्मरचेच. हॅप्लोटाइप नेटवर्क (सिक्वेन्सचे प्रकार एकमेकांशी कसे जोडलेत त्याचं चित्र) याच आठवड्यात द्यायचंय. लवकर सांगा.

पिपेट: शिंपला कुठल्या जातीचा? कुठला भाग घेतला?

अष्टमुडी: मायटेला स्ट्रिगाटा. आतलं सगळं मांस घेतलं.

खडपावरचा: मांसातल्या चिकट शर्करा पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडवतात. डीएनए सीटॅब या रसायनाने काढा, मग १:१० पातळ करा.

पिपेट: बँड ठसठशीत आहे, म्हणजे पीसीआर अडलेलीच नाही. पातळ करून काय साधणार? घोळ सगळं मांस घेण्यात आहे. मायटेलात मायटोकॉन्ड्रिया दोन वाटांनी जातात असे पुरावे आहेत: आईकडून सगळ्या पिल्लांना, बापाकडून फक्त नरांना. नराच्या जननग्रंथीत बापाकडचा प्रकार भरलेला असतो. दोन्ही एकदम वाचले गेले की असंच दिसतं. स्वच्छ आलेल्या बहुधा माद्या. जननग्रंथीचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली बघा, शुक्राणू की अंडी. मग माद्यांच्याच अ‍ॅडक्टर (शिंपा मिटणाऱ्या) स्नायूचा २० मिलिग्रॅम तुकडा घ्या.

खडपावरचा: केंद्रकातल्या डीएनएत घुसलेली सीओआयची नक्कल असेल तर?

पिपेट: क्लोनिंगने प्रती वेगळ्या करून सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करा, जनुकसंकेत तक्ता ५ (अपृष्ठवंशींच्या मायटोकॉन्ड्रियाचा). मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवणारा संकेत) आला तर नक्कल. पण नाही आला म्हणून नक्कल नाहीच, असंही नाही.

बंदरपाणी: एवढा खटाटोप कशाला? पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा, ई-डीएनए (प्राण्यांनी पाण्यात सोडलेला डीएनए) तपासा. मुंबईच्या गोद्यांतल्या मायटिलॉप्सिस सॅली या दुसऱ्या परक्या शिंपल्यालाही चालेल.

पिपेट: त्यातून शिंपला आहे की नाही एवढंच कळेल. तो आला कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

दर्याखोरे: जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात) मायटेला चारुआना या जुन्या नावानेही शोधा. तिथले नराचे सिक्वेन्स नेटवर्कमध्ये घुसले तर लांबलचक वेगळी फांदी निघते आणि ‘दुसऱ्यांदा शिरकाव’ असा चुकीचा निष्कर्ष छापला जातो. नुसत्या सीओआयवरून उगमही ठरवू नका. हा शिंपला मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा, पण सिंगापुरात २०१६लाच सापडलाय. थेट आला काय किंवा तिथून आला काय, हॅप्लोटाइप तोच निघू शकतो. मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी (केंद्रकातल्या डीएनएमधल्या खुणा) लागतील, अमेरिका आणि सिंगापूर दोन्हीकडचे नमुनेही.

अष्टमुडी: उरलेले शिंपले फॉर्मॅलिनमध्ये आहेत. चालतील?

पिपेट: हे आधी सांगायचं! लिंग ओळखायला चालतील, सीओआयसाठी नाही. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात. ताजे आणा, शिंपा उघडून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला.