झोआमधलं केसाळ शेवाळ
समुद्री टँकची लाईट तीन दिवस बंद ठेवून पण झोआंच्या (बटणासारख्या मऊ प्रवाळांच्या) मधलं केसाळ शेवाळ परत आलं म्हणताय, ते येणारच हो, त्याचं खाणं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, पाण्यातच आहे ना. मी पर्वरीला राहतो, पावसाळ्यात टँकसाठी मिरामार बीचवरून समुद्राचं पाणी कॅन भरून आणायचो, फुकटचं पाणी म्हणून खूश, पण मांडवीचा गाळ सगळा तिथेच येतो आणि खारटपणा पण उतरतो. आता आरओडीआयचं (आरओ आणि डीआयोनायझेशन फिल्टरमधून काढलेलं) पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दिसला तरच त्यात टँकचं समुद्री सॉल्ट, ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५.

शेवाळ उपटताना झोआ चिकटलेला दगड बादलीत काढून घ्या, टँकमध्येच उपटलंत तर तुकडे सगळीकडे जाऊन रुजतात. जुन्या टूथब्रशने घासायचं, झोआ चिडून मिटतात, मिटू देत. बुडाशी उरतं त्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड लावून दोनेक मिनिटं थांबा आणि टँकच्याच पाण्यात धुवून परत ठेवा. थेट टँकमध्ये मात्र ओतू नका, क्लीनर श्रिंपला (टँकमधल्या कोळंबीला) सोसत नाही. टर्बो गोगलगायी बारीक शेवाळ खातात, लांब वाढलं की तोंड पण लावत नाहीत (आमच्या पोरासारख्याच, भाजी दिसली की उठतो). फॉस्फेट शून्यावर मात्र नेऊ नका, माझा गेला आणि डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) आले, तपकिरी चिकट थर, वर बुडबुडे, त्यापेक्षा शेवाळ परवडलं.