पक्षाघातानंतर सासऱ्यांचं बोलणं गेलंय. अक्षरांचा तक्ता चालेना

कराडची सून
सासऱ्यांना दिवाळीनंतर पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी, बोलायला गेले की नुसतं "ते... ते..." येतं. आपलं बोलणं मात्र बहुतेक कळतं. बाराखडीचा तक्ता दिला तर बोट मधेच थांबतं, मग चिडून ढकलून देतात. एखादं ॲप आहे का? पण त्याची सवय लागून बोलणं कायमचं राहील का, अशी भीती वाटते.

नाशिकची लेक
ताई, तक्ता तूर्त बाजूला ठेवा. नुसती जीभ जड झाली असेल तर तो कामी येतो. हा मात्र अफेजिया वाटतोय. त्यात शब्दच सापडत नाही, अक्षरं कशी जुळवणार? माझ्या आईचं हेच झालं.

आयआयटी मुंबईचं जेलो ॲप फुकट आहे, मराठीत बोलतं. चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो. पण ते मुळात मुलांसाठी केलेलं. आईला ती चित्रं रुचली नाहीत. मग घरातलेच फोटो काढून वही केली, एका पानावर चारच. उजवीकडचं तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून वही डावीकडे धरायचो.

एक कळकळीनं सांगते, वहीत फक्त पाणी, जेवण, संडास ठेवू नका. आईनं एकदा भिशीच्या डब्यावर बोट ठेवलं, मग आत्याच्या फोटोवर. हप्ता कुणाचा राहिलाय ते सगळ्या घराला कळलं! माणसाला तक्रार करायची असते, हिशेब विचारायचा असतो.

स्पीच थेरपिस्ट, पुणे
वहीनं किंवा ॲपनं बोलणं मागे पडत नाही, निर्धास्त वापरा. थेरपीही चालू ठेवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत सोय आहे. "हो" आणि "नाही" यांची अफेजियात अदलाबदल होते, म्हणून "चहा" आणि "दूध" असं मोठ्या अक्षरांत लिहून दोन्ही पुढे धरा. आकडे किंवा पाठ असलेली आरती सोबत म्हणून बघा, कधी कधी ती सलग येते.

कराडची सून
आरतीचं आजच बघते. मामंजींचा सगळा जीव उसात. मोटर, पाटाचं पाणी, कारखान्याची पावती, असे फोटो काढू ना? खाली नावं लिहू का?

नाशिकची लेक
लिहा. त्यांना वाचता आलं नाही तरी भेटायला येणाऱ्याला कळतं. आणि मोटरीशेजारी "बिघडली" दाखवणारं काहीतरी हवंच.