मदत हवी आहे: मायच्या गुडघ्याचा बायोप्सी रिपोर्ट

आम्ही आर्वी तालुक्यातले. मायचा उजवा गुडघा सात महिन्यांपासून सुजलेला आहे, औंदा ती कापूस वेचायला वावरात गेलीच नाही. पाणी दोनदा काढलं, पुन्हा भरलं. शेवटी सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तशा पेशींच्या बारीक गाठी) आहेत, पण झेडएन स्टेनवर, म्हणजे टीबीचे जंतू दाखवणाऱ्या रंगावर, जंतू दिसले नाहीत. डॉक्टर म्हणतात, टीबीचं औषध सुरू करू. जंतू दिसले नाहीत म्हणून टीबी नाहीच, असं होत नाही हे कळतं. सांध्यात ते मुळातच कमी असतात. पण अख्खा तुकडा फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवायच्या औषधात) टाकला होता, ती बाटली मीच लॅबला नेली. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, आता त्या तुकड्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होणार नाही. थोडा भाग सलाइनमध्ये ठेवायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. जीव फार हळहळतो.

लॅबमधून तपासलेल्या दोन काचा (स्लाइड) आणि उरलेला तुकडा बसवलेला ब्लॉक आणलाय. ब्लॉक मेणाचा, म्हणून या उन्हात माठाजवळ ठेवलाय. काचा पुन्हा वाचून घ्यायला सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला जावं की नागपूरला एम्समध्ये? ब्लॉकवरून टीबीची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधायची तपासणी) कोणी करून घेतली आहे का? की पुन्हा बायोप्सीच करावी? माय दुसऱ्यांदा नको म्हणते. अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा, सोमवारी पुन्हा दाखवायचं आहे.