मदत हवी आहे: सेल मारला की इंजिन फिरतं, पण गाडी चालू होत नाही (ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, बदलण्याआधी काय तपासू?)

नमस्कार मंडळी,

गाडी 2004 ची आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन, 1,38,000 किलोमीटर झालेत. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. सेल मारला की इंजिन दणक्यात फिरतं, पण पेट घेत नाही. एकदा फटकतही नाही.

दोन महिन्यांपूर्वी सुरुवात झाली. लांबून आल्यावर गाडी बंद केली की लगेच चालू व्हायची नाही, अर्धा-पाऊण तास थांबलं की पहिल्या सेलला चालू. मग एकदा चालता चालता बंद पडली. काही धक्का नाही, आचका नाही, कुणी किल्ली फिरवल्यासारखी. त्या दिवशीही थंड झाल्यावर चालू झाली. गेल्या आठ दिवसांत मात्र थंड असतानाही ढिम्म.

आतापर्यंत काय काय पाहिलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तेच पुन्हा सांगण्यात तुमचा वेळ जायला नको.

बॅटरी 12.5 व्होल्ट, सेल मारताना 10.4 च्या खाली जात नाही. इंजिन फिरण्याचा वेग आणि आवाज नेहमीसारखाच. टायमिंग बेल्ट तुटला असता तर इंजिन हलकं, भरभर फिरलं असतं. तरी खात्रीसाठी ऑइलचं झाकण काढून आत पाहिलं, सेल मारल्यावर कॅमशाफ्ट फिरतो. इम्मोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा किल्ली लावल्यावर विझतो, दुसऱ्या किल्लीनेही तेच.

किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखाली पंप दोन सेकंद गुणगुणतो. गेज लावून पाहिला, रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर 3 बार आहे. फिल्टर मागच्या वर्षी बदललाय.

आता खरी गोम. प्लग काढले तर चारही कोरडे, वासही नाही. स्पार्क टेस्टर लावला तर एकाही सिलिंडरला करंट नाही. म्हणजे ठिणगी नाही आणि इंजेक्टरही पेट्रोल सोडत नाहीत. चेक इंजिनचा दिवा किल्ली लावल्यावर लागतो, स्कॅनर जोडला जातो, पण बिघाडाचा कोड एकही नाही.

मेकॅनिकचं म्हणणं, कोड नाही म्हणजे ईसीयू गेला, बदलून टाकू. त्याआधी त्याने कॉइल बदलून पाहिली होती, फरक पडला नाही. माझं मन घेत नाहीये. स्कॅनरशी नीट बोलणारा ईसीयू एकाएकी कसा जाईल? दोन गोष्टी एकदम बंद पडल्यात म्हणजे दोघींचं मूळ एकच असणार असं वाटतं. मी चुकत असेन तर सांगा. ही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही.

प्रतिसाद 1

तुमचा विचार बरोबर आहे. ठिणगी आणि इंजेक्शन या दोन्हींची वेळ ईसीयू ठरवतो क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवरून, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा कुठे आणि किती वेगाने फिरतोय ते सांगणाऱ्या सेन्सरवरून. त्याचा सिग्नल आला नाही तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये, मग तो कशाला ठिणगी देईल? कोड नसण्याचं कारणही बहुतेक हेच. इंजिन थांबलेलं आहे असं त्याला वाटतं, आणि थांबलेल्या इंजिनाकडून सिग्नल न येणं ही चूक नव्हे.

सगळ्यात सोपी खूण: सेल मारताना स्कॅनरवर लाइव्ह डेटात आरपीएम बघा. 150-250 च्या आसपास दिसायला हवा. शून्य असेल तर सेन्सरच्या बाजूने चला. पंपही ऐका. किल्ली लावल्यावरचे दोन सेकंद तो स्वतःहून चालतो, पुढे सेल मारताना चालू राहायला त्याला आरपीएमचा सिग्नल लागतो. तुमचा पंप सेल मारताना गप्प होत असेल तर तेही त्याच दिशेला बोट आहे.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, हे तर या सेन्सरचं जुनं दुखणं. आतली वाइंडिंग तापली की तुटते, निवली की जुळते.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत, फक्त नवा सेन्सर आणायला धावू नका. आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते सर्किट डायग्रामवर बघा. इंडक्टिव्ह (आत तारेची वाइंडिंग असलेला) असेल तर मीटरने रेझिस्टन्स मोजता येतो, साधारण काहीशे ते हजार-दीड हजार ओम. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असेल तर ओममध्ये मोजू नका, त्याचा सप्लाय आणि अर्थिंग तपासा.

आणि दादा, मोजमाप दोन जागी घ्या. एकदा सेन्सरच्या प्लगवर, एकदा ईसीयूच्या कनेक्टरवर. दुसऱ्या वेळी बॅटरीचं टर्मिनल काढून, ईसीयूचा कनेक्टर सोडवून. पिनांमध्ये मीटरची सुई खुपसू नका, पिना फाकल्या की नवीन आजार मागे लागतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कालची संध्याकाळ यातच गेली.

सेल मारताना आरपीएम शून्य. पंप दोन सेकंदांनंतर गप्प. सेन्सर इंडक्टिव्ह निघाला आणि त्याच्या प्लगवर रीडिंग आलं 870 ओम, म्हणजे मॅन्युअलच्या हद्दीत. इथेच थांबलो असतो तर पुन्हा ईसीयूवरच संशय गेला असता. ईसीयूच्या टोकाला मात्र काहीच नाही, सर्किट उघडं.

मग टॉर्च घेऊन वायर चाचपत गेलो. सेन्सरपासून दोन-अडीच इंचांवर वायर एक्झॉस्टच्या अगदी जवळून जाते. तिथलं वरचं आवरण वाळल्या पानासारखं कडक झालेलं. बोटाने वाकवलं तर कटकन वाजलं, आणि आतली तांब्याची तार काळी पडून तुटलेली. तात्पुरती जोडून सेल मारला आणि दुसऱ्या फेऱ्यात गाडी चालू! वडील आतून धावत बाहेर आले.

आता एक शेवटचं विचारतो. वायरीभोवती जाळीचं शील्ड आहे. तेवढाच तुकडा सोल्डर करून चालेल की पूर्ण वायर नवी टाकू?

प्रतिसाद 2

ईसीयूपर्यंत पूर्ण टाका, शील्डवालीच. साधी वायर टाकलीत तर इग्निशनचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो आणि गाडी मधूनच मिस मारते. शील्डला अर्थिंग मूळ वायरीला जिथे होतं तिथेच द्या, बहुतेक ईसीयूच्या टोकाला. दोन्हीकडे देऊ नका. नवी वायर एक्झॉस्टपासून लांबून फिरवा आणि त्या पट्ट्यात उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवा. झाल्यावर गाडी चांगली तापवून, बंद करून, लगेच सेल मारून बघा आणि इथे कळवा.