'कॉर्पोरेट', 'धर्मसंस्था', 'निगम' : नेमका शब्द कोणता?

एका लेखाचं संपादन करतोय, त्यात वाक्य आहे, "या पंथाचं आता पार कॉर्पोरेट झालंय." लेखकाला काय म्हणायचंय ते कळतं हो, वर एक सर्वोच्च गुरू, त्याखाली विभागप्रमुख, त्याखाली केंद्रप्रमुख, मग पगारी आणि बिनपगारी सेवक, प्रत्येक केंद्राला नवीन सभासदांचं टार्गेट, बदल्या, ट्रेनिंग, लोगो, सगळीकडे एकाच रंगाची पाटी, म्हणजे नाव झाकलं तर हे एखाद्या विमा कंपनीचं वर्णन वाटेल. पण माझ्या दोन शंका आहेत. इथे 'कॉर्पोरेट'च्या जागी मराठी शब्द कोणता टाकावा? 'निगमित' टाकलं तर वाचणारा तिथेच अडखळेल. आणि लेखकाने 'धर्मसंस्था' आणि 'धार्मिक संघटना' आलटून पालटून वापरलंय, ते चालतं का?

----

दुसरी शंका आधी घेतो, ती सोपी आहे. मराठीत 'संस्था' दोन वेगळ्या अर्थांनी चालते. विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, राज्यसंस्था यातली संस्था म्हणजे समाजात रुजलेली व्यवस्था, तिला ऑफिस नसतं की रबरी शिक्का नसतो. पतसंस्था, शिक्षणसंस्था यातली संस्था मात्र नोंदणी झालेली, घटना असलेली, कार्यकारिणीत भांडणं असलेली. 'धर्मसंस्था' हा शब्द समाजशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्या अर्थाने येतो. त्यामुळे कंपनीच्या रचनेशी तुलना करायची असेल तर 'धार्मिक संघटना' हेच बरोबर. विवाहसंस्थेचा सीईओ कोण असं आपण विचारत नाही (विचारलं तर घरोघरी वेगळं उत्तर मिळेल ते सोडा).

----

पहिल्या शंकेबद्दल, मला ते वाक्यच उलटं वाटतं. पंथाचं कॉर्पोरेट झालं म्हणताय, पण कॉर्पोरेटची निम्मी भाषा चर्चमधून आलीय. 'हायरार्की' (अधिकाराची उतरंड) घ्या. ग्रीकमध्ये 'हिएरॉस' म्हणजे पवित्र, आणि मूळ शब्दाचा अर्थ पवित्र गोष्टींवरची सत्ता. साधारण इ.स. ५०० च्या सुमाराच्या एका ख्रिस्ती लेखकाने, ज्याला अभ्यासक छद्म-डायोनिसियस म्हणतात, तो शब्द रूढ केला आणि वापरला कशासाठी तर देवदूतांचे नऊ दर्जे आणि चर्चमधल्या पायऱ्या सांगायला. आज एचआरवाले चार्ट काढून दाखवतात त्याची सुरुवात देवदूतांपासून आहे!

'कॉर्पोरेशन' लॅटिन कॉर्पसपासून, म्हणजे शरीर. त्याचा कायदेशीर अर्थ घडवण्यात १३व्या शतकातल्या पोप इनोसंट चौथा याचा मोठा हात, हा माणूस पोप होण्याआधीपासून कायद्याचा पंडित. प्रश्न असा होता की चर्चच्या एखाद्या अख्ख्या मंडळाला बहिष्कृत करता येईल का. त्याचं म्हणणं, मंडळाला आत्मा नसतो, ती फक्त कायद्याने मानलेली व्यक्ती आहे, मग तिला बहिष्कृत कसं करणार. कंपनी ही माणसांहून वेगळी 'व्यक्ती' असते हे आज कॉमर्सच्या पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात, त्याची एक मोठी मुळी ही.

इंग्लिश कायद्यात तर 'कॉर्पोरेशन सोल' म्हणून प्रकार आहे, एकाच माणसाचं कॉर्पोरेशन. बिशप वारला तरी बिशप हे पद कायद्याच्या लेखी मरत नाही, जमीन पदाच्या नावावर राहते, वारसांना त्यात काही मागता येत नाही. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९२३ मध्ये आपली मालमत्ता सांभाळायला अध्यक्षाच्या पदाचं असंच कॉर्पोरेशन केलं होतं. त्यामुळे त्या चर्चबद्दल 'कॉर्पोरेट आहे' म्हणणं ही टीका नव्हती, नोंदणीतली वस्तुस्थिती होती.

----

माहिती छान, पण शब्द कुठून आला यावरून आज तो कसा वापरावा हे ठरत नाही ना. तसं बघितलं तर 'कंपनी'च्या मुळाशी लॅटिनमधला पाव आहे, एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, म्हणून काय ऑफिसच्या कॅन्टीनला कंपनी म्हणायचं? आज 'कॉर्पोरेट' म्हटलं की नफा, टार्गेट, कोरडेपणा, आणि वरून आलेला हुकूम मुकाट मानणं एवढंच डोळ्यासमोर येतं. लेखकाला तेच म्हणायचंय.

----

वरून हुकूम म्हणाल तर जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचं, उदाहरण बघा, तिथे शब्दापेक्षा रचनाच बोलकी आहे. १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली, वर एक 'जनरल', निवडून आलेला पण तहहयात, खाली प्रांत, प्रांतप्रमुख, त्याखाली मठ आणि कॉलेजं, आणि दूरदूरच्या ठाण्यांवरून रोमला नियमित पत्रं. १५४२ मध्ये संस्थापक इग्नेशियसने पीटर फाबर या आपल्या जुन्या सहकाऱ्याला पत्र पाठवून चक्क कानउघाडणी केलीय, कशाबद्दल तर रिपोर्ट नीट लिहीत नाहीस म्हणून. मुख्य पत्र असं लिही की ते कोणालाही दाखवता येईल, बाकीच्या खासगी किंवा नको त्या गोष्टी वेगळ्या चिठोऱ्यांवर लिही, आणि मुख्य पत्र एकदा लिहून झालं की वाच, दुरुस्त कर, मग पुन्हा लिही. आता सांगा, भागधारकांसाठी गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल आणि आतल्या लोकांसाठी 'कॉन्फिडेन्शियल' ईमेल, यात नवीन काय आहे? फरक एवढाच की इग्नेशियस स्वतः तसं लिहायचा असं त्यात म्हणतो, आमचे साहेब लिहीत नाहीत.

----

सगळी उदाहरणं एकाच धर्मातली झाली, आणि सगळीकडे वर एक माणूस. पण बौद्ध संघात वर कोणीच नाही. बुद्धाने वारस नेमला नाही, माझ्यामागे धम्म आणि विनय (भिक्षूंचे नियम) हाच तुमचा शास्ता, म्हणजे गुरू, असं सांगितलं असं महापरिनिब्बान सुत्तात आहे. पण म्हणून गोंधळ होता का? अजिबात नाही. त्या नियमांचा पाली ग्रंथ, विनयपिटक, उघडून बघा, कामांची वाटणी किती बारीक आहे. भत्तुद्देसक म्हणजे कोणी कुठे भोजनाला जायचं ते ठरवणारा, सेनासनपञ्ञापक म्हणजे राहायच्या जागा वाटून देणारा, भण्डागारिक म्हणजे कोठारावरचा, आणि बांधकामावर देखरेख करणारा तो नवकम्मिक. नेमणुकीची अटही लिहिलीय. आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा हवा, आणि काम कळणारा हवा, म्हणजे चीवरं (भिक्षूंची वस्त्रं) स्वीकारणारा असेल तर कुठली घेतली आणि कुठली नाही घेतली हे त्याला माहीत हवं. नाव सभेपुढे ठेवायचं, ज्यांना मान्य त्यांनी गप्प बसायचं, ज्याला मान्य नाही त्याने बोलायचं. मला तर आजच्या नोकरीच्या जाहिरातींपेक्षा हे जास्त प्रामाणिक वाटतं, 'डायनॅमिक आणि सेल्फ मोटिव्हेटेड' वगैरे काही नाही, भीतीने आणि वशिल्याने निर्णय फिरवणारा नको एवढंच.

आणि 'निगमित' शब्दाला हसू नका. नाशिकच्या लेणी क्र. १० मध्ये उषवदाताचा शिलालेख आहे, क्षत्रप राजा नहपानाचा जावई तो. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मुद्दल कधीच मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, ज्याला आता ट्रस्टवाले कॉर्पस फंड म्हणतात. पैसे ठेवले विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ ने आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण ने. पहिल्याचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेणीत वर्षावासाला (पावसाळ्याच्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, हिशोब चोख जुळतो. मग हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं असंही लिहिलंय. तिथला निगम म्हणजे व्यापारी नगराची सभा, आजच्या अर्थाचं कॉर्पोरेशन नव्हे, पण धार्मिक संघाचा पैसा आणि व्यापाऱ्यांचं दप्तर एकाच ओळीत येतात हे बघण्यासारखं आहे.

----

हा हिशोब वाचून मला उलटच वाटायला लागलं. मुद्दल किती, व्याज किती, कोणाला किती हे त्यांनी दगडात कोरलं. लेखकाची तक्रार रचनेबद्दल नाहीच, पायऱ्या आणि प्रमुख तर सहकारी साखर कारखान्यातही असतात. मला वाटतं खरी तक्रार अशी आहे की पैसा येतो तो जातो कुठे ते कळत नाही. आणि तसं असेल तर 'कॉर्पोरेट' म्हणणं म्हणजे त्या पंथाचं कौतुक झालं! शेअर बाजारात लिस्टेड कंपनीला तिमाही निकाल जाहीर करावे लागतात, भागधारक सभेत उठून प्रश्न विचारू शकतो, अगदीच नाही पटलं तर शेअर विकून मोकळा होतो. देणगीदाराकडे काय आहे? पावती. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी माहितीचा फॉर्म भरावा लागतो, चर्चना त्यातूनही सूट आहे. २०२३ मध्ये तिथल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या एसईसीने मॉर्मन चर्चला आणि त्याचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेला मिळून ५० लाख डॉलर दंड केला, शेअर्समधली गुंतवणूक दुसऱ्याच कंपन्यांच्या नावाने दाखवली म्हणून. म्हणजे जाब विचारला गेला तोही बाजाराच्या नियमांनी.

आणि मालक कोण हा प्रश्न राहतोच. आपल्याकडे देवाची मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, ब्रिटिश काळात शेवटचं अपील जिथे जायचं त्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्येच ते स्पष्ट केलंय, पण कायदा तिला 'अज्ञान' (अल्पवयीन) धरतो, म्हणजे कारभार कायम दुसऱ्याच्या हातात. कंपनीतल्या डायरेक्टरला निदान मालकाचा फोन येऊ शकतो.

----

मग 'दुकानदारी' कसं वाटतं? "या पंथाची आता निव्वळ दुकानदारी झालीय." नाहीतर सरळ 'धंदेवाईक'.

----

दोन्ही चालतील, पण एकाच अर्थाने नाही. पैसे उकळणं दाखवायचं असेल तर दुकानदारी, ते छोट्या, ढोंगी, एकट्या बुवाला जास्त शोभतं. हजार केंद्रं आणि पगारपत्रक असलेल्या संघटनेला दुकान म्हटलं की आकार कळत नाही. तिथे 'कंपनी थाटावी तसा कारभार' असं उलगडून लिहा, शब्दाला शब्द हवाच असं काही नाही.

----

ठीक, उलगडूनच लिहितो. 'धर्मसंस्था' सगळीकडून काढून टाकतोय. लेखात पुढे त्याच केंद्रप्रमुखांना 'मठाधीश' म्हटलंय, ते ठेवू का?

----

नको. मठ असेल तर मठाधीश. मठ नसलेल्या माणसाला मठाधीश म्हटलं की मराठीत तो टोमणा होतो, साहित्यातले मठाधीश, ऑफिसातले मठाधीश, म्हणजे जागा अडवून बसलेले. ज्याची दर तीन वर्षांनी बदली होते त्याला हा शब्द कसा लावणार, तो बिचारा रीजनल मॅनेजर.