डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल: एवढं घाबरायचं कशाला?

पिकअपवाला_मिरज:
स्टँडवर बायोडिझेलचं, म्हणजे झाडाबियांच्या किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेल्या इंधनाचं, नाव काढलं की सगळे एकच बोलतात, 'इंजिनाचा डिझेल पंप जाईल, नोझल जातील.' मला पटत नाही. आपल्या डिझेलच्या आयएस १४६० मानकातच ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. केंद्राच्या २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आहे. गंधक काढलेल्या डिझेलचा बुळबुळीतपणा कमी होतो, तो थोड्या बायोडिझेलने भरून निघतो. आणि तळून तळून काळं पडलेलं तेल पुन्हा वड्याच्या कढईत जाण्यापेक्षा इंजिनात जळलेलं बरं. पोरं खातात हो ते!

नोझलमिस्त्री:
माझ्या टेबलावर काय येतं ते ऐका. गेल्या पावसाळ्यात एक जुनी गाडी आली, चढाला बंद पडायची. फिल्टर कापला, तर कागदावर काळा चिकट गाळ आणि तळाला चमचाभर पाणी. मालकाने कॅनमधलं बायोडिझेल टाकीत ओतलं होतं. हे तेल पाणी धरतं, वर टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सोडवून पुढे ढकलतं. कॉमन रेलच्या, म्हणजे फार जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनांच्या, इंजेक्टरला असलं अजिबात खपत नाही. त्या माणसाचा महिन्याचा धंदा गेला.

पिकअपवाला_मिरज:
दादा, ते कॅनचं होतं. त्यात काय होतं आणि किती टक्के पडलं, हे त्याला तरी ठाऊक होतं का? मी तेल कंपनीच्या डेपोत तपासून मिसळलेल्या डिझेलबद्दल बोलतोय. कॅनवाल्यांवर कारवाई व्हावी, हे मलाही मान्य.

कोरडवाहू_जत:
माझा विरोध वेगळा आहे. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण म्हटलं होतं. बायोडिझेलच्या तेलासाठी मोगली एरंड लावा, पडीक जमीन सोनं देईल, असं सांगत होते. आम्ही बांधावर लावला. बिया पोत्यात राहिल्या, घ्यायला कोणी फिरकलं नाही. खाद्यतेल तर आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, ते जाळायला कुठून देणार? राहिलं वापरलेलं तेल. ते गल्लोगल्ली गोळा कोण करणार, हे आधी ठरवा.

नोझलमिस्त्री:
डेपोतून तपासून आलेलं ५ टक्के असेल तर माझी हरकत नाही. फक्त जुन्या गाडीत पहिल्या दोन टाक्या संपल्या की फिल्टर बदला आणि वॉटर सेपरेटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) साठलेलं पाणी दर आठवड्याला काढून टाका. ट्रॅक्टर-हार्वेस्टरवाल्यांनी मात्र हंगाम संपल्यावर ते टाकीत ठेवू नये. महिनोन्‌महिने पडून राहिलं की चिकटा धरतो.